ॲसिडोसिस म्हणजे ॲसिडिटी नाही, अन् 'आयनो' म्हणजे इनो नाही

प्रश्न असा आला: "मोठ्या बाबांना गॅस्ट्रो झाला, नागपूरला आयसीयूत होते. डॉक्टर म्हणे ॲसिडोसिस आहे, म्हणून आयनो चालू असून रिस्पॉन्स येऊन नाही राहिला. मोठी आई म्हणते, ॲसिडिटी तं त्यांना पहिलेपासूनच आहे. दोन्ही एकच का? मराठीत काय म्हणायचं?"

एक नाही भाऊ. ॲसिडिटी आपल्याकडं पोटाची, आंबट ढेकर, छातीत जळजळ, जुन्या भाषेत अम्लपित्त. ॲसिडोसिस रक्ताचा. रक्ताचा पीएच (आम्लाचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) 7.35 ते 7.45 च्या मधात राह्यला पाहिजे, खाली गेला की ॲसिडोसिस, अन् गॅस्ट्रोत संडासवाटे आम्लाला दाबणारं बायकार्बोनेट निघून जाते म्हणून हे होते. आकडा दिसायला बारीक आहे पण फसवा, 7.4 चा 7.1 झाला म्हणजे रक्तातले हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लाचे कण, डबल झाले.

आता 'आयनो'. हे आयनोट्रोपचं डॉक्टरी लाडाचं नाव, हृदयाचं आकुंचन जोरात करणारं औषध, डोब्युटामिन, ॲड्रिनलिन वगैरे. ग्रीकमध्ये 'इनोस' म्हणजे स्नायूच्या तंतूचा, त्याच्यावरून. आमच्याच घरी एका पेशंटच्या वेळेस आत्याबाई कॉरिडॉरमधून फोनवर सगळ्यांना सांगत होती, "इनो चालू केलं, आता ढेकर येईल," अन् आम्ही पण तेच समजून बसलो होतो! गंमत अशी की इनोतला सोडा बायकार्ब आयसीयूतही कधी कधी शिरेतून देतात, पण ते वेगळं काम, घरी पाजायचं नाही.

"रिस्पॉन्स येत नाही" याला मराठीत बरोबर शब्द आहे, 'औषध लागू पडत नाही'. 'मानवत नाही' म्हणू नका, त्याच्यात औषधानं त्रास झाला असा अर्थ येते. इथं औषध रक्तात पोचलेलं असते, पण हृदय ते घेत नाही. काऊन? ही औषधं पेशीच्या अंगावरच्या रिसेप्टरला, म्हणजे औषध जिथं अडकते त्या जागेला, धरतात अन् आत कॅल्शियम वाढवतात, ते कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रोटीनला चिकटलं की स्नायू आवळतो. आम्ल वाढलं की एक तं रिसेप्टर थंडे पडतात, अन् दुसरं, कॅल्शियम आलं तरी ट्रोपोनिनला नीट चिकटत नाही. थोडा ॲसिडोसिस असला तर शरीराचं स्वतःचं ॲड्रिनलिन सांभाळून घेते, पीएच 7.2 च्या खाली गेला की मात्र हृदयाचं लंगडेपण दिसायला लागते.

आपल्या खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे विदर्भातल्या खाऱ्या जमिनीच्या भागातल्या, माणसाला हे पटकन समजते. झिंक टाकलं, बिल फाडलं, तरी पान पिवळंच. झिंक आहे जमिनीत, पण पिकाला लागू होत नाही. तिथं पीएच आठच्या वर, म्हणजे इथल्याच्या उलटं, पण गोम तीच.

मराठी शब्द म्हणाल तं 'आम्लरक्तता' बनवता येते, पण मोठ्या आईला ते सांगून पाहा, ती आणखी घाबरेल. माझं मत, 'रक्तात आम्ल वाढलं' म्हणा. तेही जड वाटलं तं 'रक्त आंबलं' म्हणू नका मात्र. आंबणं अन् महालक्ष्म्यांची आंबील हे दोन्ही शब्द 'अम्ल'च्याच कुळातले खरे, पण आंबलं म्हटलं की ती नासलं असंच समजेल.