किर्शनरच्या रेखाचित्राची आधी पाठ वाचा

तुमचा प्रश्न असा: जर्मन चित्रकार अर्न्स्ट लुडविग किर्शनरचं १९१० च्या सुमाराचं, खडूनं काढलेलं रेखाचित्र लिलावात आलंय. पाठीमागे ‘नाखलास’ असा शिक्का आहे, पण मालकांच्या यादीत १९३३ ते १९४५ या नाझी काळाबद्दल अवाक्षर नाही. घ्यावं का?

शिक्का अस्सल असेल तर त्या मोकळ्या जागेची भीती बाळगू नका. नाखलास म्हणजे मागे राहिलेला ठेवा. किर्शनर जून १९३८ मध्ये दाव्होसजवळ फ्राउएनकिर्शला वारला. घरात उरलेली चित्रं त्याची सहचरी एर्ना हिच्याकडे राहिली. १९४५ मध्ये तीही गेली, तेव्हा सगळा ठेवा बाझलच्या कलासंग्रहालयात नेला. तिथे याद्या झाल्या आणि कागदांच्या पाठीवर हा शिक्का बसला. १९५४ मध्ये कारभार कलाविक्रेता रोमान नोर्बर्ट केटररकडे आला. म्हणजे शिक्क्याचा कागद त्या बारा वर्षांत सहसा कुणा तिसऱ्याच्या हाती गेलेला नसतो.

शिक्क्याशेजारी शाईनं लिहिलेला क्रमांक नीट पाहा. त्यात चित्र कुठे काढलं ते असतं: ‘ड्रे’ म्हणजे ड्रेस्डेन, ‘बे’ म्हणजे बर्लिन, ‘दा’ म्हणजे दाव्होस. किर्शनर बर्लिनला गेला १९११ च्या शरद ऋतूत, तेव्हा १९१० च्या कागदावर ‘ड्रे’ हवं. ‘बे’ दिसलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका. चित्रांवर मागाहून आधीची सालं घालायची त्याला खोडच होती. अशा वेळी साल चुकीचं आणि शिक्का खरा असू शकतो.

खरा धोक्याचा इशारा वेगळा आहे. १९३७ मध्ये नाझींनी ‘विकृत कला’ ठरवून संग्रहालयांतून कामं उचलली, त्यात किर्शनरची ६३९ होती. त्या कामांना ‘ईके’ (‘विकृत कला’ या जर्मन शब्दांची आद्याक्षरं) क्रमांक मिळाले आणि ते बऱ्याचदा पाठीवर सापडतात. जप्त झालेला कागद संग्रहालयाचा, शिक्क्याचा कागद चित्रकाराच्या घरचा. एकाच पाठीवर दोन्ही दिसले तर खुलासा मिळेपर्यंत बोली लावू नका. नुसता ईके क्रमांक असेल तर बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या डेटाबेसमध्ये तो शोधा. जप्तीच्या मूळ यादीची टंकलिखित प्रत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात व्ही म्हणजे विकलं, टी म्हणजे अदलाबदल, एक्स म्हणजे नष्ट केलं. एक्स लागलेलं काम विक्रीला आलं असेल तर कसून चौकशी हवी. संग्रहालयाच्या स्वतःच्या मालकीचं काम असेल तर नंतरच्या खरेदीदाराचा हक्क सहसा टिकतो, कारण ३१ मे १९३८ चा जप्तीचा कायदा युद्धानंतर रद्द झाला नाही. खासगी मालकानं तिथे उसनं ठेवलेलं काम असेल तर मात्र वारसांचा दावा उभा राहतो.

सगळ्यांत अवघड तो कागद, ज्यावर शिक्का नाही आणि ईकेही नाही. तो चित्रकाराच्या हयातीत विकला किंवा दिला गेला असणार, आणि तिथे प्रत्येक मालक शोधावा लागतो. बर्लिनचे ज्यू संग्राहक कुर्ट ग्लासर यांचा संग्रह मे १९३३ मध्ये लिलावात गेला. बाझलच्या संग्रहालयानं त्यातली २०० रेखाटनं आणि मुद्राचित्रं घेतली, आणि वारसांशी तडजोड व्हायला २०२० उजाडलं. त्या काळातल्या जर्मन लिलावांचे कॅटलॉग हायडेलबर्ग विद्यापीठानं स्कॅन करून ठेवलेत. अडचण एवढीच की ‘बसलेली नग्न स्त्री’ या नावाचे कागद ढिगानं भेटतात. नावावर भिस्त ठेवू नका. सेंटिमीटरमधलं माप, माध्यम आणि सहीची जागा, तिन्ही जुळवा.

लिलावगृहाकडून आत्ताच मागून घ्या: फ्रेम आणि माउंट काढून पूर्ण पाठीचा फोटो, शिक्क्याचा जवळून एक, आणि बर्नजवळच्या विख्त्राख इथल्या किर्शनर आर्काइव्हचं पत्र. प्रत्यक्ष बघायला मिळालं तर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च न्या आणि खोलीत अंधार करा. कागदच निळसर-पांढरा झळकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन, आहे. ते दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात सर्रास येऊ लागले, १९१० च्या कागदात नव्हते. मात्र पाठीला चिकटवलेला नवा कागद किंवा पट्टीही तशीच झळकते, म्हणून प्रकाश उघड्या कागदावरच धरा.