रोल नंबर, स्प्रिंग रोल आणि सिनेमातला रोल: हे तिन्ही ‘रोल’ एकच आहेत का?

हो, तिन्हींचं मूळ एकच आहे: चाक. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक, त्यावरून रोटुलस म्हणजे छोटं चाक किंवा गुंडाळी. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे ‘रोल’ इंग्रजीत आला. आपला ‘रथ’ही रोटाचाच नातलग आहे, आणि हे मला फार सुंदर वाटतं.

गडगडणं, लोळणं, जहाजाचं डाव्या-उजव्या बाजूला हेलकावणं हे अर्थ सरळ चाकाच्या गतीतून आले. स्प्रिंग रोलही गुंडाळलेलाच असतो.

खरी गंमत कागदपत्रांत आहे. मध्ययुगात इंग्लंडचे सरकारी हिशेब चामड्यावर लिहून गुंडाळून ठेवत. राजखजिन्याच्या अशा गुंडाळ्यांपैकी आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी ११३० ची आहे. गुंडाळीत नावं असायची, म्हणून रोल म्हणजे यादी झाली. रोल नंबर, पेरोल आणि इलेक्टोरल रोल त्यातूनच आले. ‘कंट्रोल’सुद्धा इथलाच: मूळ हिशेबाशी ताडून पाहायला ठेवलेली दुसरी गुंडाळी म्हणजे कॉन्ट्रारोटुलस. म्हणजे नियंत्रणाआधी पडताळणी आली.

सिनेमातल्या ‘रोल’चं इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे, त्यामुळे अनेकांना तो वेगळा शब्द वाटतो. पण फ्रेंच नटाला त्याच्या वाट्याचे संवाद ज्या गुंडाळीवर लिहून मिळत, तिचंच नाव पुढे भूमिकेला मिळालं.