परत उन्हाळी लागेल म्हणून नवऱ्याला टाळते

प्रश्न : ताई, लग्नाला दोन वर्षं झाली आणि गेल्या वर्षभरात चार वेळा युरिन इन्फेक्शन झालं. संबंध आला की एक-दोन दिवसांत जळजळ सुरू, सारखं बाथरूमला पळायचं आणि होते थेंबभरच. सासूबाई म्हणतात उन्हाळी लागलीय, धण्याचं पाणी पी. मी मेडिकलमधून मागच्याच गोळ्या आणते. आता तर नवरा झोपेपर्यंत मी ओटाच पुसत राहते, त्याला वाटतं तो मला नकोसा झालाय. माझ्यातच काही घाण आहे का?
– एक वाचक, वय २९

उत्तर : अगं, ते घाणबिण आधी डोक्यातून काढ. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, योनी आणि गुदद्वार अगदी शेजारी, त्यामुळे संबंधाच्या वेळी आतड्यातले जंतू, बहुतेकदा ई. कोलाय, सहज वर सरकतात. हा गुप्तरोग नाही आणि नवऱ्याने दिलेला पण नाही.

६ महिन्यांत २ किंवा वर्षात ३ वेळा झालं की ते वारंवार होणारं इन्फेक्शन धरतात, म्हणजे तू त्यात बसतेसच, तेव्हा मनाने गोळ्या आणणं आजपासून बंद. पुढच्या वेळी गोळी घ्यायच्या आधी मधल्या धारेची लघवी युरिन कल्चरला दे, कुठलं औषध लागू पडेल ते त्यातून कळतं.

आता त्या ओट्याबद्दल. एकदोनदा असा त्रास झाला की नवरा नुसता जवळ आला तरी खालचे स्नायू आवळतात, ओलावा येत नाही, मग इन्फेक्शन नसतानाही दुखतं आणि तुला वाटतं झालं परत सुरू! हा पण त्या दुखण्याचाच भाग आहे गं, लाजू नकोस, गायनॅकला हे स्पष्ट सांग, या स्नायूंसाठी फिजिओथेरपी असते. आणि नवऱ्याला बरोबर ने, त्याने हे डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं फार बरं.

शुक्राणुनाशक लावलेले कंडोम वापरत असाल तर बदला, इंटिमेट वॉश नको, पाणी कमी पीत असशील तर रोज दीड लिटर वाढव, संबंधानंतर लघवीला जाऊन ये. एवढं करूनही झालंच तर संबंधानंतर घ्यायची एकच अँटिबायोटिक गोळी डॉक्टर लिहून देऊ शकतात. थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखलं किंवा पाळी चुकलेली असली तर मात्र त्याच दिवशी दाखव, धण्याचं पाणी पीत घरी थांबू नकोस.