चतुर्थीच्या आधी गाडी घ्यायची आहे ना?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चतुर्थीला मोठी गाडी घेऊन देवगडला यायचं, त्यासाठी सात वर्षांचं कर्ज काढायचं, असं तू ठरवत आणलं आहेस. गाडीला मी नावं ठेवणार नाही. रात्री-अपरात्री म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं तर दारात गाडी लागते, आणि गरजेपुरता पैसा नसला की माणूस खचतो. पण तुझ्या पत्रात दवाखाना कुठेच नाही. "सगळे पुढे गेले, मीच मागे राहिलो," एवढंच आहे. मला काळजी त्या वाक्याची वाटते.

टिम कॅसर आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली याचाच अभ्यास मांडला. आपली माणसं, स्वतःची वाढ, समाजासाठी काही करणं, या सगळ्यांच्या वर ज्या तरुणांनी पैशाचं यश ठेवलं होतं, त्यांच्यात उत्साह कमी आणि चिंता-निराशा जास्त आढळली. पैसा हवा असणं वेगळं आणि तो सगळ्यांच्या वर जाऊन बसणं वेगळं. पुढे २०१४ साली हेल्गा डिट्मार आणि सहकाऱ्यांनी अशा शेकडो निष्कर्षांची एकत्र छाननी केली. संबंध फार मोठा निघाला नाही, पण दिशा तीच राहिली. माणसांशी जवळीक, मनाप्रमाणे वागण्याची मोकळीक, आपल्याला काही जमतंय ही भावना. वस्तूंच्या मागे लागलं की याच भुका उपाशी राहतात, असं त्यांना दिसलं.

तुझ्या बाबतीत हे कसं घडेल ते मला स्पष्ट दिसतं. हप्ता भरायचा म्हणून जादा पाळी, जादा पाळी म्हणून रजा नाही. गाडीचं कौतुक नव्याचे नऊ दिवस. पुढल्या चतुर्थीला वाडीतलं भजन तुझ्याशिवाय होईल. गेल्या वर्षी तू घरोघर झांज वाजवत फिरलास. पहाटे खळ्यात बसून काळ्या वाटाण्याची उसळ खाताना घसा बसला होता, तरी बोलणं थांबत नव्हतं. मोबाइल रात्रभर पिशवीत होता. तुझा तो चेहरा मी पाहिला आहे, म्हणून इतकं हक्काने लिहितो.

गाडी घ्यायचीच तर जुनी, लहान बघ. हप्ता असा ठेव की रजा मागताना हात आखडणार नाही. अजून सही केली नसशील तर थांब. येताना पगाराची पावती आणि बँकेचे कागद घेऊन ये, ओटीवर बसून दोघं हिशेब मांडू.

तुझा,
काका