अथेन्सला मित्र पळणार असतील तर आपण उभं कुठं राहायचं?

ताई, तुमच्या टिळकवाडीच्या ग्रुपमधले तिघे नोव्हेंबरात अथेन्स मॅरेथॉन पळणार आणि तुम्ही दोघं सोबतीला जाणार, तर सकाळपासून शर्यत जिथं संपते त्या स्टेडियममध्येच जागा धरावी का, असं विचारलंय. नका धरू.

पहिल्या खेपेला मी तेच केलं. मित्र आत आला तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडलो. संध्याकाळी तो म्हणाला, "तिसाव्या किलोमीटरला मी चालत होतो रे. एक तरी ओळखीचं तोंड दिसायला हवं होतं." ते मला अजून टोचतं.

शर्यत मॅरेथॉन गावातून निघते. इ.स.पू. ४९० मध्ये इथं पर्शियनांशी झालेल्या लढाईत पडलेल्या १९२ अथेन्सकरांच्या समाधीच्या टेकाडाला सुरुवातीलाच वळसा पडतो. मग साधारण १० ते ३१ किमी चढ. आपली पोरं राजहंसगडावर सराव करतात, पण गडाचा चढ एकदा चढला की संपतो. हा मध्येच उताराची आशा दाखवतो आणि परत सुरू होतो. पाय तिथं जातात, आणि माणूस तिथंच हवा.

म्हणून सकाळी मेट्रोच्या ३ नंबरच्या, निळ्या लाइननं आगिया परास्केवीला जा. चढ त्याच भागात संपतो. तिथून पुढं शर्यतीचा रस्ता बराच वेळ मेट्रोच्या बाजूनंच जातो, त्यामुळं मित्र पुढं गेले की तीच गाडी धरून सिंटाग्माला उतरायचं आणि नॅशनल गार्डनमधून चालत स्टेडियम गाठायचं. ते १० किमी पळताहेत तोवर तुम्ही आरामात पोचता.

रस्त्याच्या डाव्या बाजूला थांबणार की उजव्या, हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. गर्दीत तुम्ही त्यांना हुडकण्यापेक्षा त्यांना तुम्ही दिसणं महत्त्वाचं. त्या टप्प्यावर पळणाऱ्याची नजर रस्त्यावरनं उठत नाही. दुसऱ्या खेपेला मी भगवा फेटा बांधून उभा होतो, तो लांबूनच ओळखू आला. कुस्तीच्या मैदानात ओरडतो तसं नाव घेऊन ओरडा. आजूबाजूचे ग्रीक लोक "ब्राव्हो", "पामे" म्हणत असतात, पामे म्हणजे आपलं "चला". गावागावांत लोक पळणाऱ्यांच्या हातात ऑलिव्हच्या डहाळ्या देतात, म्हाताऱ्या आज्यासुद्धा. फक्त "आता थोडंच राहिलं" म्हणू नका, अजून १० किमी असतात. "चढ संपला, भावा!" एवढंच सांगा. तेच त्यांना ऐकायचं असतं, आणि ते खरं असतं.

स्टेडियम सगळं संगमरवरी. मूळचं इ.स.पू. चौथ्या शतकातलं, १८६९ मध्ये उकरून काढलेलं. १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारा ग्रीक धावपटू स्पायरिडॉन लुईस २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत इथं आला, तेव्हा ग्रीसचे दोन राजपुत्र त्याच्या बाजूनं शेवटपर्यंत धावले होते. तिथं बसलं की हे आठवतंच. दगड गार असतो, खाली घालायला टॉवेल न्या.

शर्यतीनंतर फोन लागेलच असं धरू नका, भेटायची जागा आधीच ठरवा. आम्ही जवळच्या हॅड्रियनच्या कमानीशी भेटलो. कमानीमागं झ्यूसच्या देवळाचे खांब आहेत. १०४ मधले १५ उभे, आणि १८५२ च्या वादळात पडलेला एक चकत्या मांडल्यासारखा आडवा. त्याच्याकडं बघत मित्रानं बूट काढले आणि घरून आणलेले शेंगांचे लाडू एकट्यानं संपवले. तुम्ही तिघांसाठी जरा जास्तच न्या.