पहिल्यांदाच खिमा करताय ना?

अर्धा किलो मटण खिमा घ्या, पण आधीच करून ठेवलेला नको. खाटकाला समोर करायला सांगा, जरा जाडसर आणि थोड्या चरबीसकट. अगदी बारीक केला तर शिजल्यावर लगदा होतो. धुवायचा असेल तर बारीक चाळणीत, आणि पाणी पूर्ण निथळू द्या.

३ कांदे बारीक चिरून तेलात चांगले तांबूस होईपर्यंत परता. इथे घाई केलीत की चव गेलीच म्हणून समजा. मग २ चमचे आलं-लसूण वाटण, हळद, खिमा. आच मोठी, आणि उलथन्याने गुठळ्या फोडत राहायचं. आधी खिमा पाणी सोडतो, कढईत नुसता खदखदतो. तेव्हा झाकण ठेवू नका. पाणी आटलं की आवाज बदलतो, चरचरायला लागतं, कडेला तेल सुटतं. आता टोमॅटो, कांदा-लसूण मसाला, मीठ. (तयार मसाल्यात बहुधा मीठ असतंच, हात आखडता ठेवा.)

टोमॅटो गळला की अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवा, मंद आचेवर २५-३० मिनिटं. मटार शेवटच्या १० मिनिटांत. दही, काजूची पेस्ट वगैरे लाड सध्या नकोत. वरून कोथिंबीर, लिंबू. सोबत पाव, तेही तव्यावर बटर लावून भाजलेले.