पित्ताची गोळी चालू असताना आलेल्या ‘निगेटिव्ह’वर जाऊ नका

तुम्ही लिहिलंय की निपाणीत दोन महिने पॅन्टोप्रॅझोल ही पित्ताची, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी चालू आहे, तरी छातीखाली आग होते. जठरातल्या एच. पायलोरी या जंतूसाठी केलेली शौचाची तपासणी निगेटिव्ह आली, म्हणून डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. गोळी चालू असतानाच नमुना दिलात ना? मग त्या रिपोर्टला काही अर्थ नाही.

हा जंतू जठराच्या चिकट अस्तरात राहतो आणि युरिएज या विकराने स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लातही तग धरतो. पॅन्टोप्रॅझोल किंवा त्याच जातीच्या ओमेप्रॅझोलने तो मरत नाही. त्याची संख्या घटते आणि जठराच्या खालच्या टोकाकडून तो वरच्या भागात सरकतो, त्यामुळे तपासणीत सापडत नाही. शौचाची अँटिजेन (जंतूचे अंश शोधणारी) किंवा श्वासाची तपासणी करायची तर ही गोळी 2 आठवडे आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ 4 आठवडे आधी बंद हवं. रक्तातली अँटिबॉडी तपासणी कुणी गळ्यात मारली तर घेऊ नका, जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते.

आमच्याकडे सगळ्यात महागात पडला तो लॅबने न विचारलेला प्रश्न: ‘पित्ताची गोळी चालू आहे का?’ नाव, वय, पैसे, हातात डबी, पुढचा नंबर! सूचनांचा कागद कानडी आणि इंग्रजीत, त्यातही गोळीबद्दल अवाक्षर नाही. वर काउंटरवरचा माणूस छातीठोकपणे सांगणार, ‘निगेटिव्ह म्हणजे काही नाही.’ आणि तिथून पुढं सगळे डॉक्टर त्याच कागदाकडं बघून औषध लिहिणार. म्हणून लॅबच्या भरवशावर राहू नका. चिठ्ठीवर गोळीचं नाव आणि शेवटची कधी घेतली ती तारीख स्वतः लिहून घ्या.

गोळी थांबवली की काही दिवस, कधी काही आठवडे जळजळ आधीपेक्षा जास्त होऊ शकते, कारण दाबून ठेवलेलं आम्ल उसळतं. तेवढ्यापुरतं साधं अँटासिड जेल चालतं. पण पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं असेल किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पित्ताची गोळी बंद करू नका. मी डॉक्टर नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसरं, गोळी जेवल्यावर घेत असाल तर डोस दुप्पट करून काय उपयोग? ती जठरात आम्ल सोडणाऱ्या पंपांपैकी फक्त चालू असलेल्यांना चिकटते आणि ते पंप जेवणाने चालू होतात. रक्तात ती फार वेळ टिकत नाही, म्हणून जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं घ्यायची. वरचं आवरण लहान आतड्यात पोचेपर्यंत टिकावं लागतं, तेव्हा चावू नका, कुटू नका.

ठेचा-भाकरीला उगाच दोष देतात. माझ्या मते तंबाखू आणि मिश्री जास्त नडतात, निकोटिनने अन्ननलिकेच्या खालची झडप ढिली पडते. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेता का तेही बघा, तीही जठराला नडते. रात्री आंबट पाणी घशात येत असेल तर जेवण आणि झोप यात 3 तास ठेवा, डावीकडं वळून झोपा. उशा रचू नका, पोट दुमडतं; त्यापेक्षा खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा द्या, 15 ते 20 सेंटीमीटर.

काळं डांबरासारखं शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, वजन उतरणं, यातलं काही असेल तर वरचं सगळं विसरा आणि सरळ दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) करा. (लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, ते आधी सांगा.) जठराच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही भागांतून तपासायला बारीक तुकडे घ्यायला सांगा. बेळगाव असो की कोल्हापूर, या तपासणीसाठी पहाटेची गाडी धरताना स्टँडवर चहा घेऊ नका. दुधाचा चहा म्हणजे खाणंच, पोट 6 ते 8 तास रिकामं लागतं, नाहीतर परत पाठवतात.